बहिणीचा हिस्सा आणि हक्कसोडपत्र

सूरह अन्-निसाच्या सातव्या आयतीत अल्लाहने एक मूलभूत गोष्ट सांगितली आहे. आईवडिलांनी व जवळच्या नातलगांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा जसा हिस्सा आहे, तसाच स्त्रियांचाही आहे. एवढे सांगून आयत थांबत नाही. ती मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, हा हिस्सा ठरवून दिलेला आहे, असे ती पुढे म्हणते. यातील ‘थोडी असो’ हा भाग आपल्या कोकणपट्टीसाठी फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे शेकडो एकरांचे जमीनदार नाहीत. भाताची चार खाचरे, डोंगराकडेचा वरकस तुकडा, घराला लागून परसू, एवढीच बहुतेकांची इस्टेट. आणि ‘एवढ्याशा जमिनीत बहिणींना काय वाटायचे?’ हा प्रश्न विचारूनच पिढ्यान्‌पिढ्या बहिणींचे हिस्से बुडवले गेले. कुरआनने या सबबीचे उत्तर सबब उच्चारली जाण्यापूर्वीच देऊन ठेवले आहे.

वडपे आणि त्याच्या भोवतालच्या गावांत हा प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे. मुंबई-नाशिक महामार्गावरचे हे गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांची रांग लागली. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि आमण्याहून ती सारी वाहतूक वडप्याजवळ जुन्या महामार्गाला येऊन मिळू लागली. ज्या वरकसावर पूर्वी गवत आणि करवंदे याखेरीज काही होत नसे, तिचा भाव आता गुंठ्यावर बोलला जातो. जमीन स्वस्त होती तोवर बहिणीला तिचा हिस्सा न देणे हा एक मूक रिवाज होता. जमीन महाग झाली, मोबदल्याचे धनादेश निघू लागले, गोदामाची भाडी दरमहा खात्यात जमा होऊ लागली, तेव्हा त्या मूक रिवाजाला कागद लागला. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र.

खरेदीखत करणाऱ्याला किंवा मोबदला देणाऱ्या अधिकाऱ्याला सातबाऱ्यावरील सर्व खातेदारांच्या सह्या हव्या असतात. मग वीस वर्षे जिच्या हिश्शाचा कुणी उच्चार केला नाही, त्या बहिणीच्या दारात मोटार उभी राहते. मिठाई येते. भावजय गळ्यात पडते. ‘फक्त सही करायची आहे, माहेर तुझेच आहे’ असे सांगितले जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहीण अंगठा किंवा सही देते आणि संध्याकाळपर्यंत तिला परत पोहोचवले जाते. त्यानंतर काही घरांतून इमामाकडे विचारणा येते : मौलाना, बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला आहे, आता तर हे सारे हलाल झाले ना? प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

हजरत साद (रजि.) यांच्या मुली

वारशाच्या आयती उतरल्या तो प्रसंगच एका विधवेच्या फिर्यादीचा आहे. हजरत साद बिन रबी (रजि.) हे मदीनेचे अन्सारी सहाबी. मक्केहून रिकाम्या हाताने आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ करणारे ते हेच. हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. मागे पत्नी आणि दोन मुली राहिल्या. परक्या मुहाजिराला अर्धी मालमत्ता देऊ करणाऱ्या या माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्याच सख्ख्या भावाने सारी मालमत्ता ताब्यात घेतली आणि मुलींसाठी काहीही ठेवले नाही. अरबांचा तेव्हाचा रिवाज तोच होता. घोड्यावर बसून जो शस्त्र चालवू शकतो, टोळीचे रक्षण करू शकतो, तोच वारस. बायका आणि लहान मुले वारशाबाहेर.

ती माता दोन्ही मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि तिने आपले गाऱ्हाणे मांडले. संपत्तीवाचून या मुलींची लग्ने कशी होणार, हेही तिने विचारले. अल्लाह याचा निवाडा करील, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. वारशाची आयत अवतरली. मग मुलींच्या काकाला बोलावून आदेश देण्यात आला : दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझे. हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस तिर्मिजी, अबू दाऊद आणि इब्ने माजा या संग्रहांत आहे.

आपल्या गुंठ्यांत हा हिशेब मांडून पाहावा. ४८ गुंठे जमीन असेल तर दोघी मुलींना प्रत्येकी १६ गुंठे, आईला ६ गुंठे आणि काकाला १० गुंठे. सगळ्यात आधी जो सगळे घेऊन बसला होता, त्याचा क्रमांक सर्वांत शेवटी लागला. शिवाय हा निवाडा रोख रकमेचा किंवा दागिन्यांचा नव्हता. मदीना खजुरीच्या बागांचे शहर होते; तेथे मालमत्ता म्हणजे प्रामुख्याने जमीनच.

‘जो लढतो तो वारस’ हा जाहिलियतचा नियम होता. आपल्याकडे त्याचे भाषांतर ‘जो नांगर धरतो त्याची जमीन’ असे झाले आहे. यावर एकच विचारावेसे वाटते. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून लावणी कोण करते? भिवंडी, शहापूर, वाडा, कुठल्याही तालुक्यात पाहा, खाचरात वाकलेल्या पाठी बहुतांशी बायकांच्याच असतात. तेव्हा कष्टाचाच न्याय लावायचा म्हटले तरी निकाल भावांच्या बाजूने लागेलच असे नाही. पण शरीअतीने वारसा कष्टावर ठेवलेलाच नाही, तो नात्यावर ठेवला आहे.

अकराव्या आयतीत मुलाचा वाटा दोन मुलींच्या वाट्याएवढा सांगितला आहे. मुलीला अर्धा का, यावर पुष्कळ चर्चा होते. पत्नीचा मेहर, तिचे व मुलांचे पोषण, निराधार बहिणीचा सांभाळ ही सारी आर्थिक जबाबदारी शरीअतीने पुरुषावर ठेवली आहे, हे त्याचे उत्तर वाचकांना ठाऊक आहे. त्याहून कमी लक्षात येणारी गोष्ट आयतीच्या शब्दयोजनेत आहे. मुलीला मुलाच्या निम्मे द्या, असे ती म्हणत नाही; मुलाला दोन मुलींइतके द्या, असे म्हणते. मोजण्याचे माप मुलीचा हिस्सा हे आहे. तो आधी निश्चित झाल्याखेरीज मुलाचा हिस्सा काढताच येत नाही. इस्लामने स्त्रीला वारसा दिला, असे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो आणि घरी मात्र त्या अर्ध्याचेही शून्य करतो. मापच फेकून दिल्यावर मोजणी कसली?

सोडलेला हक्क सुटतो का?

मदरशांत वारशाच्या विषयासाठी सिराजुद्दीन सजावंदी यांचे ‘सिराजी’ हे छोटेखानी पुस्तक शिकवले जाते. फराइजचा अभ्यास तेथूनच सुरू होतो. त्यातील पहिलाच धडा क्रमाचा आहे. मयताच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जाची फेड, मग वसीयत असल्यास एक तृतीयांशाच्या मर्यादेत तिची पूर्तता, आणि उरेल ती वारसांत वाटणी. पत्नीचा न दिलेला मेहर हे पतीवरचे कर्जच असते. म्हणून विधवा ही आधी धनको आणि नंतर वारस. किती घरांत अष्टमांशाच्याही आधी तिचा मेहर मोजला जातो, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरापुरते शोधावे.

दुसरा मुद्दा हक्कसोडपत्राच्या मुळाशी जातो. वारसा हा माणसाच्या इच्छेने मिळत नाही आणि इच्छेने नाकारताही येत नाही. मृत्यूच्या क्षणी अल्लाहच्या हुकमाने मालकी वारसाकडे जाते. वारसाने ‘हो’ म्हणण्याची गरज नसते आणि ‘नको’ म्हटल्याने ती उडत नाही. त्यामुळे बहिणीने नुसते ‘मला काही नको’ किंवा ‘मी सोडले’ म्हटले, तरी जमिनीतील तिची मालकी शरीअतीच्या दृष्टीने तशीच राहते. सोडले जाते ते येणे असलेले कर्ज. डोळ्यांसमोर असलेली वस्तू, म्हणजे जमीन, घर, झाडे, अशा शाब्दिक सोडण्याने दुसऱ्याची होत नाही. ती दुसऱ्याला द्यायची असेल तर रीतसर हिबा, म्हणजे बक्षीस, करावे लागते किंवा ती विकावी लागते.

कोकणी जमात बहुतांशी शाफई आहे, तर भिवंडी शहरातील यंत्रमागाच्या वस्त्या बहुतांशी हनफी. म्हणून दोन्ही मतांचा उल्लेख करणे बरे. हनफी फिकहनुसार ज्या जमिनीची वाटणी होऊ शकते, तिच्यातील अविभक्त हिश्शाचा हिबा वाटणी होऊन ताबा दिल्याखेरीज पूर्ण होत नाही. शाफई फिकह अविभक्त हिश्शाचा हिबा मान्य करते. परंतु ताबा आणि देणाऱ्याची मनापासूनची राजीखुशी तेथेही आवश्यक आहे. म्हणजे दोन्ही मार्गांनी आपण एकाच ठिकाणी येतो. आधी बहिणीला तिचा हिस्सा मोजून दाखवा, तिच्या हाती द्या, तिच्या नावावर करा. त्यानंतर काही दिवसांनी, कुणाचाही दबाव नसताना, ती भावाला बक्षीस देऊ इच्छीत असेल तर तिचा तो अधिकार आहे, आणि भावाने ते आनंदाने घ्यावे. क्रम उलटा करून चालत नाही.

तखारुज नावाचा आणखी एक मार्ग फिकहच्या ग्रंथांत आहे. एखादा वारस तरक्यातील ठरावीक वस्तू किंवा ठरावीक रक्कम घेऊन, आपसांतील समझोत्याने, बाकीच्या मालमत्तेतून बाहेर पडतो. जमिनीचे तुकडे होऊ नयेत असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते, त्यांच्यासाठी हा उत्तम मार्ग आहे. पण त्यात बहिणीला जमिनीचा आजचा भाव माहीत हवा आणि मोबदला ठरवताना तो तिच्यापासून लपवलेला नसावा. गुंठ्याचा सौदा लाखांत झाला असताना बहिणीच्या हातावर एक साडी आणि दहा हजार रुपये ठेवणे याला तखारुज म्हणत नाहीत.

राजीखुशी म्हणजे काय, हेही नीट पाहिले पाहिजे. मुसलमानाचा माल त्याच्या मनापासूनच्या संमतीखेरीज दुसऱ्याला हलाल नाही, हे हदीसमधून आलेले तत्त्व सर्वज्ञात आहे. आता ती बहीण सही करताना मनात काय मोजत असते? सही नाकारली तर ईदला माहेरचा उंबरठा बंद होईल. नवऱ्याने उद्या टाकले तर जायला जागा राहणार नाही. आई अजून भावाजवळ राहते, तिच्यावर राग निघेल. मुलीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही. तिच्या सहीमागे हा हिशेब आहे. ज्या समाजात हिस्सा मागणाऱ्या बहिणीला लोभी म्हणतात आणि सोडणारीला गुणी म्हणतात, त्या समाजात ‘तिने स्वखुशीने सोडले’ हे वाक्य फार जपून उच्चारावे. खुशी पारखण्याची एक साधी कसोटी आहे. हिस्सा मागितला तरी नात्यात फरक पडणार नाही, अशी तिला खात्री होती का? नसेल, तर दुय्यम निबंधकाचा शिक्का कायद्यापुरता आहे. अल्लाहच्या दरबारात त्या जमिनीतील तिचा हिस्सा तिचाच आहे आणि त्या हिश्शाचे गोदामभाडे दरमहा भावाच्या पोटात हराम म्हणून जात आहे.

‘तिच्या लग्नात एवढा खर्च केला, तोच तिचा हिस्सा’ असेही म्हटले जाते. बापाने हयातीत मुलीला दिलेली वस्तू ही भेट असते, वारशाची आगाऊ उचल नसते. वारसा मृत्यूनंतर निर्माण होतो; जो हक्क जन्मलाच नव्हता त्याची फेड कशी झाली? भावांच्या लग्नाचा, शिक्षणाचा, आखातात जाण्याच्या व्हिसाचा खर्च त्यांच्या हिश्शातून कापल्याचे ऐकिवात नाही.

काही बाप वेगळी वाट काढतात. हयातीतच सारी जमीन मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून टाकतात, म्हणजे मागे वाटायला काही उरतच नाही. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस येथे आठवावी. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक बक्षीस दिले. त्यांच्या आईने, हजरत अमरा बिन्ते रवाहा (रजि.) यांनी, प्रेषितांना (स.) साक्षीदार करण्याचा आग्रह धरला. प्रेषितांनी (स.) विचारले की, सर्व अपत्यांना असेच दिले आहे काय? उत्तर नकारार्थी आले, तेव्हा मुलांमध्ये न्याय करा असे बजावून त्यांनी साक्ष नाकारली आणि वडिलांनी ते बक्षीस परत घेतले. वसीयतीचा रस्ताही असाच बंद आहे. वारसासाठी वसीयत नाही, हे निरोपाच्या हजच्या भाषणातच स्पष्ट झाले.

सातबारा आणि आगीचा तुकडा

कायद्याचा इतिहास थोडा पाहू. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खोजा आणि मेमन समाजांतील मुलींचे दावे चालले. वडिलांच्या मालमत्तेत कुरआनप्रमाणे हिस्सा मिळावा, एवढीच त्या मुलींची मागणी होती. समोरच्यांनी सांगितले की आमच्या जमातीत मुलींना वारसा न देण्याचा रिवाज आहे. न्यायालयाने रिवाज मान्य केला आणि मुली हरल्या. कलमा पढणारे लोक कुरआनविरुद्ध रिवाजाची साक्ष द्यायला उभे राहिले आणि आपल्याच मुलींविरुद्ध जिंकले. मुंबईच्या मुस्लिम इतिहासातील हे पान पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे.

ही स्थिती पालटण्यासाठी १९३७ साली शरीअत अधिनियम झाला. रिवाजाने स्त्रियांचे हक्क बुडतात, ही तक्रार त्यामागे होती. मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी ती मांडली होती आणि उलेमांनी कायद्याला पाठिंबा दिला होता. पुढच्याच वर्षी कच्छी मेमनांसाठी स्वतंत्र कायदा येऊन तेही मुस्लिम वारसा कायद्याखाली आले. परंतु १९३७ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचा अपवाद राहिला. शेतजमीन हा तेव्हा प्रांतांचा विषय होता आणि मोठ्या जमीनदारांनाही तो अपवाद सोयीचा होता. पुढे मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये दुरुस्ती करून शेतजमीनही शरीअतीखाली आणली. उत्तर प्रदेशात मात्र जमीनदारी निर्मूलनानंतरच्या कायद्याने शेतजमिनीसाठी वेगळाच वारसाक्रम घालून दिला, ज्यात विवाहित मुलगी फार मागे ढकलली गेली. भिवंडीच्या यंत्रमागावर आलेल्या अनेक कुटुंबांची गावाकडची शेती त्या कायद्याखाली येते. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की राज्याच्या कायद्याने जी जमीन भावाच्या नावावर होते, ती शरीअतीने आपोआप भावाची होत नाही. बहिणीला तिचा हिस्सा देण्यास कुठल्याही राज्याचा कायदा मनाई करत नाही.

आपल्या महाराष्ट्रात महसूल खाते मुस्लिम मयताच्या जमिनीची वारस नोंद मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणेच घेते. तेव्हा येथे कायद्याकडे बोट दाखवण्याची सोय नाही. दोष असतो तो नोंदीत. पूर्वी थोरल्या भावाचे नाव ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून लागे आणि बाकीची नावे त्याआड दिसेनाशी होत. वास्तविक एकत्र कुटुंबाची ही कल्पना मुस्लिम वारसा कायद्यात नाहीच. काही ठिकाणी बहिणींची व विधवेची नावे कब्जेदार सदरात न घेता ‘इतर हक्क’ सदरात टाकली गेली, जणू त्या मालक नसून पाहुण्या आहेत. असे जुने फेरफार काढून पाहावेत.

जमीन महसूल संहितेच्या १४९ व्या कलमानुसार वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. त्यानंतर फेरफार नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवसांची मुदत मिळते. २०२५ साली महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेऊन मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचा धडाका लावला. मोहीम चांगली आहे. पण तलाठ्यासमोर वारसांची यादी ठेवतो तो बहुधा भाऊच. प्रतिज्ञापत्रात ‘याखेरीज अन्य वारस नाहीत’ असे लिहून त्याने बहिणीचे नाव गाळले तर ती केवळ कायद्याची फसवणूक होत नाही. खोटी साक्ष प्रेषितांनी (स.) महापातकांत गणली आहे. आणि त्या प्रतिज्ञापत्रावर साक्षीदार म्हणून सही करणारा शेजारीही त्यात भागीदार आहे, मग तो पहिल्या सफेतला नमाजी का असेना.

याच ठिकाणी उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस मन हलवून सोडते. दोन माणसे एका जुन्या वारशाचा वाद घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. कुणाकडेही पुरावा नव्हता. नुसते दोघांचे दावे. प्रेषितांनी (स.) सांगितले की, मी माणूस आहे, ऐकलेल्या बोलण्यावरून निवाडा करतो, तुमच्यातील एखादा आपली बाजू अधिक चतुराईने मांडील आणि मी त्याच्या बाजूने निकाल देईन. पण त्याच्या भावाच्या हक्कातील जे काही मी त्याला दिले असेल, तो आगीचा तुकडा आहे. हे ऐकताच दोघेही रडू लागले आणि माझा हक्क मी तुला दिला, असे एकमेकांना म्हणू लागले. यावर प्रेषितांनी (स.) त्यांना भावनेच्या भरात तसे सोडून जाऊ दिले नाही. वाटणी करा, योग्य तेच साधण्याचा प्रयत्न करा, चिठ्ठ्या टाका आणि मग एकमेकांना हलाल करा, असा आदेश दिला. अबू दाऊदच्या संग्रहात हा तपशील आहे.

यात दोन गोष्टी आहेत. प्रत्यक्ष प्रेषितांचा (स.) निवाडा जर चुकीच्या दावेदाराला जमीन हलाल करून देऊ शकत नाही, तर तलाठ्याचा फेरफार आणि निबंधकाचा शिक्का काय देणार? आणि दुसरे म्हणजे, दोघेही रडत हक्क सोडायला तयार असताना त्यांना आधी वाटणी करायला लावली. सोडणे नंतर. वर फिकहचा जो क्रम सांगितला, तो कुणा मुफ्तीच्या कल्पनेतून आलेला नाही.

जमिनीच्या एका वितीबद्दलही हदीसमध्ये भयंकर इशारा आहे : अन्यायाने वीतभर जमीन घेणाऱ्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात थरांची पृथ्वी अडकवली जाईल. ही हदीस हजरत सईद बिन जैद (रजि.) यांनी सांगितली ती एका स्त्रीने त्यांच्याविरुद्ध जमिनीची फिर्याद केली तेव्हा. फिर्याद मदीनेच्या हाकिमाकडे, मरवानकडे, गेली. स्त्रीचा आरोप खरा नव्हता. तरीही हे ऐकून ठेवलेल्या माझ्या हातून असे कसे घडेल, एवढे म्हणून त्या सहाबींनी ती जमीन तिला सोडून दिली. स्वर्गाची शुभवार्ता मिळालेल्या दहांपैकी ते एक होते. आपल्याला कसली शुभवार्ता मिळाली आहे, की बहिणीच्या वीस गुंठ्यांवर आपण निश्चिंत झोपतो?

हा रोग केवळ मुसलमानांचा नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आपल्या शेजारी आगरी-कुणबी घरांतही हक्कसोडपत्राचीच रीत आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, तरी सह्या घेणे थांबले नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ करून शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करायला लावले आणि १९९२ साली शासनानेही तशी नोंद करण्याची वाट मोकळी केली. नवऱ्याने सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्यासाठी एका शेतकरी नेत्याला गावोगाव फिरावे लागले. आपल्याकडे तर हुकूम थेट कुरआनात आहे, आणि दर जुम्याला मिंबर आहे.

मिंबरावरून हा विषय वर्षातून एकदा तरी यावा, ही इमाम मंडळींना विनंती. जमातींनाही एक विनंती आहे. गावात कुणी वारले की जमात कफन-दफनाची, जेवणाची व्यवस्था बघते. चाळिसाव्याला पंगती उठतात. त्या जेवणावळीत यतीम मुलांचा आणि विधवेचा न वाटलेला पैसा शिजतो, हे कुणी पाहत नाही. त्याऐवजी जमातीच्या नोंदवहीत मयताच्या सर्व वारसांची यादी, मुलींसह, तीन महिन्यांच्या आत लिहिली जावी आणि तिची एक प्रत तलाठ्याकडे द्यावी. हक्कसोडपत्रावर साक्ष मागितली गेली तर जमातीच्या पंचांनी आधी बहिणीला भावांच्या अनुपस्थितीत, तिच्या सासरी जाऊन, दोन प्रश्न विचारावेत : तुझा हिस्सा किती गुंठे आहे, आणि आज त्याची किंमत काय? उत्तरे तिला देता आली नाहीत तर साक्ष देऊ नये.

महामार्गाच्या मोबदल्याबाबतही थोडे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ मध्ये मोबदल्याच्या वाटणीवर वाद निघाल्यास प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवण्याची तरतूद आहे. म्हणजे बहिणीने वेळेत हरकत घेतली तर तिचा हिस्सा बुडत नाही. पण तिला हरकत घ्यावी लागली, हीच भावाची नामुष्की आहे.

शेवटी जुन्या प्रकरणांचा हिशेब. आजोबा वारले, फुफीला काही दिले नाही, मग वडीलही वारले, फुफीही वारली. आता कुणाला काय द्यायचे? काळ लोटल्याने शरीअतीत मालकी संपत नाही. एकामागून एक झालेल्या मृत्यूंच्या अशा वाटणीला मुनासखा म्हणतात. उदाहरण घेऊ. आजोबांची जमीन ९० गुंठे. आजी आधीच वारलेली. वारस एक मुलगा व एक मुलगी. मुलाचे ६० गुंठे, मुलीचे ३०. पुढे ती मुलगी, म्हणजे फुफी, पती, एक मुलगा व एक मुलगी मागे ठेवून वारली : पतीला चतुर्थांश म्हणजे साडेसात गुंठे, तिच्या मुलाला १५, मुलीला साडेसात. नंतर वडील वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी : ६० पैकी पत्नीला अष्टमांश म्हणजे साडेसात गुंठे, मुलांना प्रत्येकी २१, मुलीला साडेदहा. सातबाऱ्यावर आपण प्रत्येकी ४५ गुंठ्यांचे धनी आहोत असे समजणारे दोन भाऊ प्रत्यक्षात २१-२१ गुंठ्यांचे धनी निघतात. उरलेले ४८ गुंठे आई, बहीण आणि फुफीच्या कुटुंबाचे आहेत, आणि आजवरच्या भाड्याचा तितकाच भागही.

असा हिशेब ज्यांना करून घ्यायचा असेल त्यांनी आपल्या मशिदीच्या इमामांकडे किंवा जवळच्या दारुल इफ्तामध्ये जावे. जाताना प्रत्येक मयताच्या निधनाची तारीख, त्या दिवशी हयात असलेल्या सर्व नातलगांची नावे, न फेडलेली कर्जे व मेहर यांची माहिती आणि जुने फेरफार उतारे सोबत न्यावेत. निधनाच्या तारखांचा क्रम चुकला तर सारी वाटणी चुकते; म्हणून गावच्या मृत्यू नोंदवहीतून त्या आधी तपासून घ्याव्यात.